धाव, पाटे आणि डुक्कर फियाट

मडगावच्या वाटेवर जुन्या मोटारींचं एक खासगी संग्रहालय आहे आणि तिथून जवळच, बाणावलीला, गाडे-बग्ग्या-पालख्यांचं दुसरं. हे कळलं तेव्हाच ठरवलं की जायचं तर मामांना घेऊन जायचं. मामांनी अख्खी नोकरी एसटीत काढली, रत्नागिरीच्या विभागीय कार्यशाळेत, बॉडी सेक्शनला. इंजिनाचं त्यांना फारसं कौतुक नाही. "इंजिन काय गो, उतरवलं नि दुसरं चढवलं. बॉडी सडली की गाडी संपली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मामी आल्या त्या मंगेशीच्या दर्शनाच्या अटीवर.

शुक्रवार : रत्नागिरी ते सावंतवाडी

हातखंब्याला हायवेला लागलो. या रस्त्याचं चौपदरीकरण २०११ पासून ऐकतोय. डायव्हर्जनांबद्दल इथे लिहिण्यात अर्थ नाही, कोकणातल्या वाचकाला ती पाठ आहेत. राजापूर मागे पडल्यावर गाडी पळायला लागली. आंब्याला मोहोर होता, काजूला नुकती बोंडं धरत होती, आणि मामींनी खारेपाटणच्या आधीच चिवड्याचा डबा उघडला होता.

मामांचं लक्ष बाहेर नव्हतं, समोरच्या गाड्यांवर होतं. एक एसटी पुढे होती. तिच्या मागच्या पत्र्यावर रिव्हेटांच्या ओळी दिसतात, त्यांतल्या खालच्या ओळीकडे त्यांनी बोट दाखवलं. "ती पांढरी पूड दिसते? ॲल्युमिनियमचा पत्रा नि आत लोखंडी अँगल. दोन धातू एकमेकांना चिकटले, मध्ये खारट ओल गेली, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. देशावरची गाडी आणि किनाऱ्यावरची गाडी एकाच दिवशी दापोडीहून निघाली, तरी चार वर्षांनी आमच्याकडे आली की कुठली कुठे चालली हे मी पाटी न वाचता सांगायचो." एसटीच्या गाड्यांच्या बॉड्या महामंडळ दापोडी, औरंगाबाद आणि नागपूरच्या आपल्याच कार्यशाळांत बांधत आलं आहे. कंपनीकडून यायची ती नुसती चासी : इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरला बसायला काहीतरी. बाकीची गाडी मामांसारखी माणसं बांधायची.

कणकवलीचा उड्डाणपूल ओलांडून कुडाळला जेवलो. बांगडा बरा होता, सोलकढी फार पातळ.

सावंतवाडीत पोचलो तेव्हा चार वाजले होते. मोती तलावाच्या काठाने फिरून चितार आळीत शिरलो. लाकडी खेळण्यांची ही आळी मी लहानपणापासून पाहिलेली. फळांच्या परड्या, पोळपाट-लाटणी, भातुकली, गंजिफा. या वेळी मुद्दाम गाड्या बघायच्या होत्या. बैलगाडी होतीच. तिच्या शेजारी एक लॉरी, लाल-पिवळी, आणि एक बस.

बस हातात घेतली आणि मामांना दाखवली. तिला नाक होतं. म्हणजे ड्रायव्हरच्या पुढे इंजिनाचं बॉनेट, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड. अशी बस मी रस्त्यावर कधी पाहिलेली नाही, आणि बनवणाऱ्या पोरानंही पाहिली नसणार. तो माझ्याहून लहान होता.

"ह्या असाच करतत," दुकानदारीण म्हणाली. "सपाट तोंडाची केली तर प्वारां म्हणतत, ह्यो तर खोको."

मामांना हे फार पटलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मला धडा दिला. पूर्वी लॉरी असो की बस, इंजिन पुढे नाकात असायचं. मेकॅनिकला ते सोयीचं, बाजूला उभं राहून बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. पण गाडीची लांबी कायद्यानं बांधलेली. नाकानं खाल्लेली जागा म्हणजे गेलेली सीटं. म्हणून ड्रायव्हरला इंजिनाच्या शेजारी बसवलं, तोंड सपाट केलं, आणि तेवढ्याच लांबीत सीटांच्या ओळी वाढल्या. ड्रायव्हरच्या पोटरीला इंजिनाची धग लागायची ती तेव्हापासून. "हिशेबनीसानं काढलेली गाडी ती," मामा म्हणाले. लाकडी बसचे पैसे त्यांनीच दिले.

शनिवार : सावंतवाडी ते मडगाव

बांदा, पत्रादेवी, पेडणे, म्हापसा. पणजीचा पूल, मग जुवारीवरचा नवा पूल. दोन्ही झरझर पार झाले. जुन्या जुवारी पुलावर अडकून बसण्यात आमच्या कितीतरी लग्नांचे मुहूर्त गेले होते, त्यामुळे मामींनी नव्या पुलाला मनोभावे हात जोडले.

संग्रहालय हायवेला लागूनच आहे. पत्र्याची उंच शेड, आत ट्यूबलाइटांच्या ओळी, बाहेर फणसाखाली काही न दुरुस्त केलेले सांगाडे. देखभाल करणारा माणूस कोंकणीत बोलत होता, आम्ही मराठीत. कुणाचं काही अडलं नाही. "हात लावनाकात," एवढं त्यानं पहिल्यांदाच बजावलं. मामांनी हात पाठीमागे बांधले आणि पुढचे दोन तास ते तसेच फिरले.

दाराशीच विशीच्या दशकातली शेवरोले. लाकडी आऱ्यांची चाकं, कापडी टप, बाजूला रुंद पायदान, पुढे हँडल मारायचं भोक. जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग बोटीनं यायचे आणि इथे उभ्या राहिलेल्या शेवरोले देशभर जायच्या. या गाडीकडे बघताना पहिल्यांदा जाणवतं ते हे, की इथे 'आकार' असा काही नाहीच. इंजिनाची पेटी, बसायची पेटी, चार मडगार्ड, दोन दिवे, स्टेपनी : प्रत्येक वस्तू वेगळी, दुसरीला नुसती जोडलेली. आत वाकून पाहिलं तर पायाखाली फळ्या.

फोर्डची चर्चा इथेच निघाली, कारण देखभालवाल्याला टी मॉडेलबद्दल सांगायची हौस होती. हेन्री फोर्डची ती गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर बनली. तिला तीन पेडल, पण आपल्या सवयीची नव्हेत : डावं दाबलं की पहिला गिअर, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं, आणि रेस हातानं, स्टिअरिंगखालच्या दांडीनं. पेट्रोलची टाकी सीटखाली, आणि पेट्रोल पंपानं नव्हे तर उतारानं वाहत कार्बोरेटरला जायचं. त्यामुळे मोठा चढ लागला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की गाडी बंद. मग चालवणारे काय करायचे, तर गाडी वळवून उलटी, रिव्हर्समध्ये चढवायचे. टाकी वर आली, पेट्रोल वाहू लागलं. शिवाय रिव्हर्सचा गिअर पहिल्यापेक्षा जोरकस.

"फोंडाघाट उलटा!" मामा म्हणाले. बराच वेळ ते चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

पुढे गाड्या साल लावून मांडलेल्या आहेत, म्हणजे चालत गेलं की मडगार्डची गोष्ट आपोआप उलगडते. आधी ती चाकावर धरलेली छत्री. मग ती फुगतात, लांबतात, दाराच्या पायथ्याशी पायदानात मिसळतात. मग दिवे, जे मडगार्डच्या आणि बॉनेटच्या मधल्या घळीत खांबावर उभे होते, ते मडगार्डच्या पोटात शिरतात. आणि पन्नाशीच्या दशकात मडगार्ड नाहीसंच होतं. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच सलग बाजू. पायदान गेलं, ती जागा आत प्रवाशाला मिळाली. १९५३ ची मर्सिडीझ १८० अशी सलग बाजूंची. मर्सिडीझची चासी आणि बॉडी एकजीव झालेली पहिली गाडी हीच.

ही गाडी मामांना नुसती ओळखीची नव्हती, ते तिच्यात बसलेले होते. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे. भारतात परदेशी गाडीवर आयातीचे निर्बंध कडक झाले होते तेव्हा इथे बंदरावर मर्सिडीझ, ओपेल, फोक्सवागन उतरत होत्या. पुढे कित्येक वर्षं त्याच गाड्या टॅक्सी म्हणून धावत होत्या. "डिझेलची मर्सिडीझ, नि आम्ही आत किती? ड्रायव्हर धरून नऊ," मामा म्हणाले. "म्हापशाला मामेभावाचं लग्न होतं. मुंबईचे शेट ज्या गाडीत बसायचे, तिच्या डिकीत आमच्या केळीच्या पानांच्या गुंडाळ्या."

एक गोष्ट मला इथे उभं राहून सुचली. पोर्तुगालनं १९२८ मध्ये वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. गोव्यानं मात्र डावी बाजू सोडली नाही. सोडली असती तर पत्रादेवीच्या नाक्यावर प्रत्येक गाडीला बाजू बदलावी लागली असती. तिन्ही बाजूंना ब्रिटिश हिंदुस्थान आणि त्याची संस्थानं, तिथे सगळे डावीकडून चालणारे. लिस्बनच्या हुकुमापेक्षा शेजारच्या सावंतवाडीचा रस्ता भारी ठरला.

आता डुक्कर फियाट. पन्नाशीच्या दशकातली फियाट ११००, कुर्ल्याच्या प्रीमियरनं इथे बांधलेली. गोल फुगीर नाकामुळे मुंबईकरांनी तिला हे नाव दिलं आणि ते प्रेमाचं आहे. पुढची दारं उलटी उघडतात, बिजागरी मागच्या बाजूला. चालत्या गाडीत असं दार चुकून उघडलं तर वारा ते मिटवत नाही, फाडून उघडतो. म्हणून पुढे ही पद्धत मोडीत निघाली. मामींचं मत वेगळं होतं. त्यांनी लांबूनच, हात न लावता, बसण्याचा अभिनय करून दाखवला. "नऊवारीत बसायचं तर असंच दार हवं. आधी बसायचं नि मग पाय आत घ्यायचे. तुमच्या गाडीत मला आधी पाय, मग डोकं, मग कंबर, अशी हप्त्याहप्त्यानं बसावं लागतं." गाड्यांच्या आकाराबद्दल मी बरंच वाचलंय. लुगड्याचा विचार त्यात कुठे भेटला नव्हता.

फोक्सवागनच्या बीटलपाशी गर्दी होती, बीटलपाशी नेहमीच असते. १९३८ ते २००३, दोन कोटी पंधरा लाख गाड्या, एकच ठेवण. इंजिन मागे, हवेनं थंड होणारं, म्हणजे रेडिएटर नाही आणि घाटात पाणी उकळायची भीती नाही. पण मामांना आवडलं ते भलतंच. साठीच्या दशकातल्या बीटलला काच धुवायचं पाणी उडवायला पंप नव्हता. पाण्याच्या टाकीला नळी जोडलेली, ती थेट स्टेपनीला. स्टेपनीतली हवा पाणी ढकलायची. हवा फार उतरली की झडप बंद, म्हणजे स्टेपनी कामापुरती शाबूत. "कोकणात चालली नसती," मामांचा निकाल. "श्रावणात काच धुवायला पाणी कशाला? नि स्टेपनीत हवा आहे कुणाच्या?"

सगळ्यात जास्त वेळ आम्ही उभे राहिलो ते स्टँडर्ड हेरल्डसमोर. गर्दी अजिबात नव्हती. जिओव्हानी मिकेलॉत्ती या इटालियन रेखाटनकारानं काढलेली ही गाडी इंग्लंडात १९५९ ला आली आणि १९६१ पासून मद्रासला बनू लागली. देखभालवाल्यानं आमचा नाद ओळखला असावा. त्यानं दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि गाडीचा सगळा पुढचा भाग, बॉनेट, मडगार्ड, दिवे, एकदम पुढे झुकवून उघडला. इंजिन, पुढची चाकं, त्यांच्या कांबी, स्टिअरिंगचा रॅक, सगळं उघडं. टायरवर बसून काम करता येईल इतकं.

मामा गप्प झाले. मग खाली बसले. मग जवळजवळ जमिनीला कान लावून त्यांनी दारामागचा सांधा पाहिला.

ही गाडी अशी का, त्याचं कारण कंपनीची अडचण आहे. त्या काळात सगळ्या मोटारी एकजीव बॉडीकडे वळल्या होत्या. तशी बॉडी ठोकायला मोठमोठी दाबयंत्रं लागतात. ज्या कारखान्याकडून स्टँडर्ड-ट्रायम्फ बॉड्या घ्यायची, तो प्रतिस्पर्ध्यानं विकत घेतला. मग त्यांनी जुन्या चालीची वेगळी चासी ठेवली आणि वरची बॉडी छोट्या छोट्या तुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी बनवून, बोल्टांनी जोडली. त्यामुळे तिच्या पत्र्यांच्या मधल्या फटी कधी सरळ जुळल्या नाहीत आणि जाणकारांनी नावं ठेवली.

"फटी असू देत," मामा उठत म्हणाले. "सडलं तर एक तुकडा काढ, दुसरा लाव. चासी खाली धड आहे तोवर गाडी मरत नाही. एकजीव बॉडीत खालची पट्टी सडली की कणाच गेला." मोटारीच्या इतिहासात एकजीव बॉडी ही मोठी प्रगती मानतात आणि ती आहेच, हलकी, मजबूत, अपघातात माणसाला सांभाळणारी. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या प्रांतात, हेरल्ड ही जास्त समंजस गाडी होती असं मला त्या शेडमध्ये उभं राहून वाटलं, आणि अजून वाटतं. सत्तरच्या दशकापासून कारखान्यांत अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवून, विजेच्या प्रवाहानं तो कानाकोपऱ्यात बसवायला लागले, पुढे जस्ताचा मुलामा आला, तेव्हा कुठे एकजीव गाडी किनाऱ्यावर टिकू लागली. त्याआधीच्या गाड्यांनी कोकणात आपली पट्टी, आपली दारं, आपले पत्रे गंजाला वाहिले.

संग्रहालयाबद्दल तक्रार म्हणाल तर एकच, आणि ती बहुतेक सगळ्याच जुन्या गाड्यांच्या मांडणीला लागू आहे. सगळ्या गाड्या अति चकचकीत. मामांनी मला एक युक्ती दाखवली. दाराच्या रेषेत डोळा ठेवायचा आणि रंगात पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं. पत्रा मूळचा असेल तर उजेडाची रेघ सरळ जाते. जिथे लांबी, म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी, भरून घासलेली असते तिथे ती लचकते. एका देखण्या निळ्या गाडीच्या मागच्या दारावर ती रेघ तीन ठिकाणी लचकली. "इथे दांड्याएवढी लांबी आहे," मामा पुटपुटले. पाटीवर साल आणि कंपनी होती. ही तीन भोकं कुठल्या पावसात पडली, कुणी भरली, ते असतं तर मी ती पाटी दोनदा वाचली असती.

मडगावला मुक्काम. रात्री मामी म्हणाल्या, उद्या तरी देव दिसू दे.

रविवार : मंगेशी, बाणावली

सकाळी आधी मंगेशी. दर्शन शांतपणे झालं, दीपमाळेपाशी फोटो झाले, मामी दिवसभरापुरत्या निवल्या.

बाणावलीचं 'गोवा चित्र' व्हिक्टर ह्यूगो गोमिश या चित्रकार-जतनकारानं उभं केलंय, २००९-१० पासून ते लोकांसाठी खुलं आहे. गोव्यात जुनी घरं पाडली गेली तेव्हा त्यांची दारं, खिडक्या, खांब त्यांनी वाचवले आणि त्यातूनच ही इमारत बांधली. आत शेतीची, सुताराची, कुंभाराची, स्वयंपाकघराची हजारो अवजारं. मार्गदर्शक बरोबर फिरतो. मामी लाकडी घाण्यापाशी रेंगाळल्या. त्यांच्या माहेरी मालगुंडला घाणा होता. बैलाच्या डोळ्यांवर झापडं का बांधतात, पहिल्या धारेचं खोबरेल कसं वेगळं काढून ठेवतात, हे त्या मार्गदर्शकाला सांगत राहिल्या आणि पाठोपाठचा पुण्याचा गट त्याऐवजी त्यांचंच ऐकू लागला.

आमचं लक्ष 'गोवा चक्र'कडे होतं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेले गाडे, बग्ग्या, पालख्या. इंजिन एकालाही नाही, आणि तरी मोटारींच्या संग्रहालयाचा पहिला अर्धा भाग इथेच आहे असं मामांना वाटलं. त्यांचे वडील सुतार होते. लांज्याच्या अलीकडे त्यांची पडवीतली जागा होती आणि मामांचं लहानपण धावा चढवताना भाता ओढण्यात गेलं.

चाकाचं काम त्यांनी मला एका गाड्यासमोर समजावलं. मध्ये तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर गोलाईचे लाकडी तुकडे, आणि या सगळ्यावर लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग शेण्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे फुगते. चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची, ठोकायची, आणि लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. धाव आवळते आणि आतले सगळे सांधे एकमेकांत घट्ट शिरतात. खिळा नाही, सरस नाही. "चर्रर् आवाज होतो नि मग एकदम कटकट. सांधे बसल्याचा आवाज तो. बाबा ती कटकट मोजायचे."

काही चाकं सपाट नव्हती, बशीसारखी थोडी खोलगट होती. मला वाटलं वाकली असतील. मामा हसले. जनावर चालताना डावीउजवीकडे झुलतं, त्याचा धक्का दर पावलाला तुंब्याला आडवा बसतो. सपाट चाक त्या धक्क्यानं आतून निसटेल. खोलगट चाकाचे आरे तिरके असल्यामुळे तो धक्का पेलतात. हे गणित कागदावर मांडणाऱ्यांच्या कितीतरी आधी सुतारांच्या हातात होतं. कालच्या शेवरोलेची लाकडी चाकं आठवली. मोटार आली तेव्हा चाकाचे कारागीर नवे नव्हते, गाडी तेवढी नवी होती.

एका बग्गीखाली मामा पुन्हा वाकले. लोखंडी पट्ट्या एकावर एक, कमानीत. पाटे. बग्गीला असे पाटे बसवण्याचं पेटंट इंग्लंडात ओबेडाया एलियटनं १८०४ मध्ये घेतलं. त्याआधी बग्गीची पेटी चामड्याच्या पट्ट्यांवर टांगायचे, बसणाऱ्याला बोट लागल्यागत मळमळायचं. "आमच्या एसटीला हेच, फक्त जाड," मामा म्हणाले. "पाट्यामध्ये ग्रीस नसलं की करकर वाजतात. कुठली गाडी डेपोत आली हे आवाजावरून कळायचं." दोनशे वर्षं झाली, इंजिन बदललं, डिझेल आलं, आता विजेवरच्या बसेस आल्या; मालाच्या ट्रकखाली पाटे अजून आहेत.

दुपारी बोगमाळोचं नौदलाच्या विमानांचं संग्रहालय घाईतच पाहिलं. १९९८ मध्ये सुरू झालेलं. अंगणात २०१६ ला निवृत्त झालेली सी हॅरियर आणि सुपर कॉन्स्टेलेशन हे महाकाय प्रवासी विमान, एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आणि तिथून नौदलाकडे आलेलं. त्याच्या शेपटीला तीन पंख, कारण एकच उंच केला असता तर तेव्हाच्या हँगरांच्या दारातून आत गेलं नसतं. आकार दारानं ठरवलेला. काल सीटांच्या हिशेबानं ठरलेली बस पाहिली होतीच. मामांनी मात्र रिव्हेटांकडे पाहिलं, मग पलीकडे दिसणाऱ्या समुद्राकडे, आणि मान हलवली. "ॲल्युमिनियम. नि उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात. यांना दर वर्षी रंग द्यायला किती माणसं लागत असतील?" चौकशी करायला त्यांना गेटवरच्या जवानाकडे जायचं होतं. मामींनी जाऊ दिलं नाही.

सोमवार : वेर्णा ते घर

परतीला वेर्ण्याला मुद्दाम वाकडी वाट केली. कोकण रेल्वेची रो-रो गाडी इथे येते. भरलेले ट्रक जसेच्या तसे सपाट वाघिणींवर चढवून कोलाडहून वेर्ण्यापर्यंत आणतात. ही सेवा २६ जानेवारी १९९९ ला सुरू झाली. ड्रायव्हर-क्लीनर ट्रकमध्येच बसून येतात. घाट, खड्डे, टायर, डिझेल, सगळं वाचतं.

गाडी लागलेलीच होती. एकेक ट्रक रॅम्पवरून उतरत होता. एका सरदारजी ड्रायव्हरला मामांनी गाठलं आणि आपल्या एसटीतल्या हिंदीत विचारलं की वाटेत करता काय. तो म्हणाला, झोप काढतो, भाजी चिरतो, चहा करतो; चिपळूणपासून खाली बोगदे इतके की फोन लागत नाही, त्यामुळे मालकाची कटकट नाही. मामांना ही नोकरी आवडली. मग त्यांनी त्याच्या ट्रकच्या फाळक्याखाली नजर टाकली आणि त्याला सांगितलं की तुझी गाडी दोन-तीन दिवस इथे बंदराजवळ उभी राहणार असेल तर परत जाण्याआधी खालून गोड्या पाण्यानं धू. गंज आतून धरतो, पेट्यांमधून, बाहेर रंगाला फोड आला की समज उशीर झाला. सरदारजींनी गंभीरपणे मान डोलावली आणि स्वतःहून बॅटरी आणून मामांना आतला अँगल दाखवला. तिथे दोघं गुडघ्यांवर बसले ते बसलेच.

बांद्यापर्यंत मामांनी माझ्या गाडीचा विषय घेतला. पूर्वी मृगाच्या आधी आम्ही गाडीखाली जळकं ऑइल मारायचो. तुझ्या गाडीला ते मारू नकोस, नव्या गाड्यांचे रबरी बुश ऑइलनं फुगतात. गॅरेजवाल्याकडून अंडरबॉडीला रंग मारून घे, पण आधी धुवायला सांग, वाळू द्यायला सांग, आणि मुख्य म्हणजे दाराच्या खालची पाणी जायची भोकं बुजवू देऊ नकोस. पोरं घाईत त्या भोकांवरूनच फवारा मारतात, मग आत पाणी साचतं आणि दार आतून सडतं.

कुडाळला पुन्हा त्याच खाणावळीत थांबलो. बांगडा संपला होता, सुरमई होती. सोलकढी या वेळी दाट निघाली. हात धुवून बाहेर आले तर मामा आमच्या गाडीपाशी उकिडवे बसून काडेपेटीतल्या काडीनं मागच्या दाराखालची भोकं कोरत होते, आणि खाणावळीचा मालक शेजारी उभा राहून विचारत होता, "काका, माझ्या टेम्पोचीय बगतास काय?"